पन्नास किलोमीटरनंतर काय?

"साहेब, रोडसाइड असिस्टन्सपण टाकलाय," असं एजंट म्हणतो आणि आपण मान डोलावतो. किती किलोमीटर, किती वेळा, कोणत्या कारणासाठी आणि कुठवर? हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं पुरतात.

ती दोन मिनिटं मग म्हैसूर-उटी रस्त्यावर गुंडलूपेटच्या पुढे, अंधार पडत असताना, व्याजासकट मोजावी लागतात.

कुवेंपुनगरच घ्या. म्हैसूरची शांत वस्ती, सरळ आखलेले मेन आणि क्रॉस, प्रत्येक दारात झाड आणि झाडाखाली गाडी. मराठी घरंही बरीच. कोणी सीएफटीआरआयमधून निवृत्त झालेले, कोणी बँकेच्या बदलीवर आलेले, कोणाची मुलगी हेब्बाळच्या इन्फोसिसमध्ये. शनिवार उजाडला की गाड्या निघतात बंगळूरूला, कूर्गला, उटीला. दशम्या घेतल्या जातात, उलटीच्या गोळ्या आठवणीनं घेतल्या जातात, टायरची हवा तपासली जाते.

विम्याचा कागद कोण तपासतं?

हिशेब सोपा आहे. कुवेंपुनगरभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढा. श्रीरंगपट्टण आत येतं, नंजनगूड आत येतं, मंड्या जेमतेम आत. गुंडलूपेट बाहेर, मडिकेरी बाहेर, उटी आणि बंगळूरू तर फारच बाहेर. म्हणजे सुट्टीला आपण जिथे जिथे जातो, ते सगळं वर्तुळाबाहेर. आणि बऱ्याच योजनांमध्ये फुकट टोचनाची हद्द अशीच असते, कुठे पन्नास किलोमीटर, कुठे शंभर. त्यापुढे प्रत्येक किलोमीटरचे पैसे तुमचे.

हे पैसे किती, ते कार्डावर छापलेलं नसतं. क्रेनवाला सांगतो तो दर. रात्रीच्या रस्त्यावर घासाघीस कोण करणार?

त्यातही एक मेख आहे. किलोमीटर मोजतात कुठून? काही योजना बंद पडलेल्या जागेपासून गॅरेजपर्यंतचं अंतर धरतात. काही ठिकाणी क्रेन जिथून निघते तिथून येणं-जाणं असा पूर्ण फेरा धरतात. दुसऱ्या हिशेबात पन्नासाचे पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. आकडा तोच, पण तुम्ही निम्म्या वाटेवर.

आता 'कुठवर' हा प्रश्न. तुमच्या ओळखीच्या गॅरेजपर्यंत? मुळीच नाही. जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत. बंदीपूरजवळ गाडी बंद पडली तर तुमच्या कंपनीचं जवळचं अधिकृत वर्कशॉप कोणतं? ते म्हैसुरात असेल तर अंतर ऐंशी किलोमीटरच्या घरात जातं. एखादं छोटं वर्कशॉप आधी लागलं, तर गाडी तिथे उतरवून क्रेन मोकळी. रविवारी त्या वर्कशॉपला कुलूप असलं तरी.

कराराप्रमाणे त्यांचं काम झालं. तुमचं सुरू झालं.

"पण माझी पॉलिसी तर फुल आहे!" हे वाक्य प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. फुल म्हणजे काय? मोटार विम्याच्या मूळ मसुद्यात टोचनाचं कलम आहे, हे खरं. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये ते लिहिलं गेलं. अपघातानंतर गाडीची राखण, जवळच्या गॅरेजपर्यंत वाहतूक आणि दुरुस्तीनंतर परत पोचवणं, हे सगळं मिळून एका अपघाताला कारसाठी जास्तीत जास्त १५०० रुपये. दुचाकीला ३००. ट्रकसारख्या व्यावसायिक वाहनाला २५००.

२००२ साली पेट्रोल लिटरला तिशीच्या आसपास होतं. आज शंभरीपार. आकडा मात्र अनेक पॉलिसींत आजही १५००.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७ साली खुले झाले. कंपन्यांनी नवी अ‍ॅड-ऑनं आणली, अ‍ॅप आणली, जाहिराती आणल्या. हा एक आकडा बदलायला कोणाचे हात बांधले होते? वाढीव टोइंग हवं असेल तर वेगळे पैसे भरा, असं उत्तर मिळतं. ठीक आहे, भरू. पण मूळ रक्कम आता पुरत नाही, हे सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची नाही का?

लोडेड ट्रक घाटात आडवा झाला तर त्याला उभं करायला एक क्रेन पुरत नाही, दोन लागतात. माल उतरवायचा, दुसऱ्या ट्रकात भरायचा. मालक एका गाडीवर घर चालवणारा असेल तर कलमातले २५०० त्याच्या हातावर ठेवून काय होणार? छोट्या ट्रकमालकासाठी ही मर्यादा म्हणजे उघड अन्याय आहे. हे ठासून लिहिलं पाहिजे.

आणि हे सगळं 'अपघात झाला तर'. नुसती गाडी बंद पडली तर?

शून्य.

मूळ पॉलिसीच्या अपवादांत यांत्रिक आणि विद्युत बिघाड स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. अल्टरनेटर गेला, क्लच जळला, पंप बसला, बेल्ट तुटला, तर त्या १५०० मधलाही रुपया नाही. रस्त्यावर गाड्या जास्त कशामुळे थांबतात? धडकेनं की बिघाडानं? कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारा. तो हसेल. म्हणूनच रोडसाइड असिस्टन्स वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो घेतला आहे की नाही हे निदान माहीत तरी असावं लागतं.

अपघातात क्लेम करून ते १५०० घ्यायचे म्हटलं तरी थांबा. कारवर सक्तीची कपात आहे, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यावर २०००. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस गेला. तो २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर पोचलेला असतो. किरकोळ धडकेत टोचनाच्या पैशासाठी पन्नास टक्के सूट घालवायची का, याचा हिशेब रस्त्यावर उभं राहून करायचा नसतो. नुसती रोडसाइड असिस्टन्सची सेवा वापरली तर बोनस जात नाही. हा फरक किती जणांना सांगितला जातो?

आता सगळ्यात फसवा प्रकार. स्कूटर. नवी दुचाकी घेतली की पाच वर्षांचा विमा, नवी कार घेतली की तीन वर्षांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत आहे. लोक कागद कपाटात ठेवतात आणि पाच वर्षं निर्धास्त होतात.

पाच वर्षं कशाची? फक्त थर्ड पार्टीची. म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर. तुमच्या स्वतःच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तो संपला की त्याला जोडलेला रोडसाइड असिस्टन्सही संपला, टोचनही संपलं. दुसऱ्या वर्षी स्कूटर कुठेतरी बंद पडते, पोरगी आत्मविश्वासानं फोन लावते, आणि पलीकडून उत्तर येतं, "मॅडम, तुमची पॉलिसी अ‍ॅक्टिव्ह नाही."

कागदावर २०२९ लिहिलेलं असतं. पोरीनं कोणत्या ओळीवर विश्वास ठेवायचा?

हे जाणूनबुजून झालेलं आहे असं मी म्हणत नाही. पण दोन मुदती एकाच कागदावर छापायच्या आणि त्यातली लांबची मुदत डोळ्यांत भरेल अशी ठेवायची, याला निष्काळजीपणा म्हणायचंच. संपणारी तारीख मोठ्या अक्षरांत छापायला किती शाई लागते?

मदत आली, समजा. मग काय काय मिळतं? बॅटरी उतरली असेल तर जंपस्टार्ट. बॅटरी मेलीच असेल तर नवी तुमच्या पैशानं. पेट्रोल संपलं असेल तर काही लिटर आणून देतात, पेट्रोलचे पैसे तुमचे. चावी आत राहिली तर दार उघडून देतात, हरवली तर नवी चावी तुमच्या खर्चानं. पंक्चर असेल तर तुमचीच स्टेपनी लावून देतात.

स्टेपनीच नसेल तर?

हा प्रश्न पूर्वी हास्यास्पद वाटला असता. जुलै २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलले. टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर कारला स्टेपनी नसली तरी चालते. काही नव्या गाड्या तशाच येतात. टायरची कडा फाटली तर किटचा उपयोग नाही. मग सरळ टोचन, आणि टोचन म्हणजे पुन्हा तेच पन्नास किलोमीटर. गाडी घेताना डिकीचा गालिचा उचलून पाहिलात का?

बॅटरीचं वेगळं सांगायला हवं, कारण कुवेंपुनगरात हे नेहमीचं आहे. मुलं अमेरिकेत, आई-वडील इथे, गाडी दारात. महिना महिना चालू होत नाही. डॉक्टरकडे जायचं त्या सकाळी बॅटरी उतरलेली. मदतीला फोन करायचा, बरोबर. पण वर्षातून किती वेळा? बऱ्याच योजना वर्षाला चारच्या आसपास फेऱ्या देतात. उतरलेल्या बॅटरीवर तीन खर्ची पडल्या तर डिसेंबरच्या कूर्गच्या सहलीला उरली एक. चार्ज न धरणारी बॅटरी बदलून टाकणं हाच तिथे खरा विमा आहे.

काही योजना घराच्या दारातला बिघाड मोजतच नाहीत. ब्रिटनमध्ये एए, म्हणजे ऑटोमोबाइल असोसिएशन, ही संस्था १९०५ पासून आहे. तिथेसुद्धा घरापाशी किंवा पाव मैलाच्या आत मदत हवी असेल तर वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. शंभर वर्षांहून जुनी कल्पना. तरी पहिला प्रश्न तोच राहतो. दारातली गाडी धरता की नाही?

आता अ‍ॅपमधल्या नकाशावर दिसत नाही तो भाग. म्हैसूरहून उटीला आणि वायनाडला जाणारे दोन्ही रस्ते बंदीपूरच्या जंगलातून जातात. २००९ पासून तिथे रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंदी आहे. नागरहोळेतून मानंतवाडीकडे जाणारा रस्ता तर संध्याकाळी सहालाच बंद होतो. बंदी योग्यच आहे. रात्री जंगल जनावरांचं आहे, आणि गाड्यांखाली मेलेली हरणं ज्यांनी पाहिली आहेत ते या बंदीबद्दल कुरकुर करणार नाहीत.

पण फाटक बंद व्हायला अर्धा तास असताना इंजिन तापून गाडी मधेच थांबली, तर?

फोनला रेंज मिळेलच असं नाही. मिळाली आणि फोन लागला, तर दुसऱ्या राज्यातल्या कॉल सेंटरवरची व्यक्ती पिनकोड विचारते. जंगलाला कोणता पिनकोड सांगणार? क्रेन म्हैसूरहून निघाली तरी दोन तासांत फाटकाशी पोचणार, आणि तिथे तिला अडवणार. वनखात्यानं सोडल्याशिवाय ती आत कशी येईल? आणि कायद्यानं वाट बंद असेल तिथे सेवा देण्याची जबाबदारी कंपनीवर नाही, असं अनेक करारांत लिहिलेलं असतं.

अशा वेळी काच वर, दार बंद, आत बसून राहायचं आणि वनरक्षकांच्या गाडीला थांबवायचं. तुमच्या दोन हजारांच्या अ‍ॅड-ऑनपेक्षा तिथे खाकीतला तो माणूस जास्त कामाचा. म्हणून उटीहून निघायचं तर दुपारीच. गाडी कुरकुरत असेल तर निघूच नये. मसिनगुडीच्या कल्हट्टी घाटात ३६ वळणं आहेत. ब्रेकचा वास यायला लागल्यावर पॉलिसी आठवून उपयोग नाही.

पाणी हा दुसरा सापळा. २९ ऑगस्ट २०२२. रामनगरजवळ बंगळूरू–म्हैसूर महामार्गावर पाणी साचलं, गाड्या अर्ध्या बुडाल्या. आठवड्याभरात बंगळूरूच्या आउटर रिंग रोडवर तेच चित्र. महागड्या गाड्या बोटींच्या शेजारी तरंगताना देशानं पाहिल्या.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहिली की काय होतं? पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनाचं काम काही लाखांत जातं. हे नुकसान पुरानं झालं की तुम्ही चावी फिरवल्यामुळे? कंपनी दुसरं उत्तर देते, परिणामी नुकसान म्हणून हात वर करते, आणि इंजिन प्रोटेक्ट वेगळं घेतलेलं नसेल तर तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

एकदाच चावी फिरवली होती. पण तेवढं पुरतं.

याच तर्काचं आणखी एक कलम आहे, आणि ते फार कमी लोक वाचतात. अपघातानंतर किंवा बिघाडानंतर गाडी नीट काळजी न घेता तशीच सोडून गेलात, किंवा दुरुस्तीआधी चालवलीत, तर पुढचं नुकसान तुमच्या जोखमीवर. खड्ड्यात आपटून ऑइल सम्प फुटला, तेल गळतंय, तरी "पाच किलोमीटरवर गॅरेज आहे" म्हणून चालवली आणि इंजिन जॅम झालं? सम्पचे पैसे मिळतील, इंजिनाचे नाहीत. दिवा लाल झाला की थांबायचं. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं जात नाही, कलमात मात्र आहे.

"मग मित्राच्या गाडीला दोर बांधून ओढत नेऊ." नेऊ शकता, पण तिथेही नियम आहेत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरहून जास्त नको, दोर लांबून दिसायला हवा, मागच्या गाडीत परवाना असलेला चालक हवा. इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेक पेडल दोन-तीन दाबांनंतर कडक होतं. पुढचा मित्र अचानक थांबला की तुम्ही त्याच्या डिकीत. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर चाकं जमिनीवर ठेवून ओढूच नका. ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इलेक्ट्रिकची चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते. त्यांना फ्लॅटबेडच हवा, अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक. फोनवर हे आधी सांगा. नाहीतर हुकवाली क्रेन येते, परत जाते, आणि तुमच्या चारातली एक फेरी कापली जाते.

बंगळूरू–म्हैसूर द्रुतगती मार्गावर एक सोय आहे, १०३३. राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन. फोन करा, गस्तीची गाडी आणि क्रेन येते. मात्र त्या क्रेनचं काम रस्ता मोकळा करणं हे आहे, तुम्हाला कुवेंपुनगरात सोडणं नाही. ती गाडी सुरक्षित जागी नेऊन ठेवते, पुढचं तुमचं तुम्ही. टोल भरलाय म्हणून घरपोच टोचन मिळेल, हा समज ज्यांनी करून घेतलाय त्यांनी तो आजच सोडावा. ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गिकेवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, त्यांना सर्व्हिस रोडनं जावं लागतं. मग बंद पडलेल्या स्कूटरच्या मदतीला कोण धावतं?

गाडी तशीच रस्त्यात सोडून जाल, तर दुसरा कायदा जागा होतो. बिघडलेली गाडी वाहतुकीला अडथळा ठरेल अशी ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड. सरकारी यंत्रणेनं हलवली तर हलवण्याचा खर्चही मालकाकडून. दहा तास बेवारस राहिली, किंवा मनाई असलेल्या जागी लावली, तर कलम १२७ खाली पोलीस उचलून नेऊ शकतात. ते पैसे कोणतीही पॉलिसी देत नाही. कोणतीही. बंगळूरूमध्ये पोलिसांच्या टोइंगवरून इतका संताप झाला की फेब्रुवारी २०२२ मध्ये ते थांबवावं लागलं. तो प्रश्न वेगळा, पण लोक दोन्हींची गल्लत करतात आणि नो पार्किंगची पावती घेऊन विमा एजंटकडे जातात.

गाडी फ्लॅटबेडवर चढवताना बंपर घासला, तर? मूळ पॉलिसीत रस्त्यानं, रेल्वेनं, लिफ्टनं वाहतूक होत असताना झालेलं नुकसान धरलेलं आहे. पण तो क्लेम झाला, बोनस गेला. क्रेनवाल्याकडून वसूल करायचं तर पुरावा हवा. म्हणून चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो, किलोमीटरच्या काट्याचा फोटो आणि क्रेनवाल्याची सही असलेली पावती. आतला लॅपटॉप काढून घ्या, सामानाची जबाबदारी कोणी घेत नाही.

स्वतः क्रेन बोलावून नंतर पैसे मागायचे, हा मार्ग बहुतेक ठिकाणी बंद असतो. आधी त्यांना फोन करायचा, तक्रार क्रमांक घ्यायचा, त्यांनी "जमणार नाही" म्हटल्याचा मेसेज ठेवायचा, मग स्वतःची क्रेन. हा क्रम चुकला की पैसे बुडाले.

आणि आता ज्या गोष्टीचा मला खरा राग आहे, ती. क्रेन गाडी नेते. माणसांना नाही.

फ्लॅटबेडच्या केबिनमध्ये चालक आणि त्याचा मदतनीस. फार तर आणखी एकाला जागा. पाच जणांचं कुटुंब आहे, आजी आहे, चार वर्षांचं मूल आहे. फ्लॅटबेडवर चढवलेल्या गाडीत बसून जाणं धोक्याचं, आणि कोणताही जबाबदार चालक ते करू देणार नाही. काही योजनांत टॅक्सी किंवा हॉटेलचा खर्च असतो, त्यालाही रुपयांची हद्द असते, आणि तो बहुतेक महागड्या प्रकारात. साध्या प्रकारात काय? गाडी वर्कशॉपमध्ये सुखरूप, आजी रस्त्याच्या कडेला.

विमा गाडीचा आहे, मान्य. पण मदत विकताना जाहिरातीत कोणाचे चेहरे असतात? हसणारं कुटुंब. मग त्या कुटुंबाचं काय होणार, हे पहिल्या पानावर एका ओळीत सांगायला काय हरकत आहे?

बरं, मदत नाकारली. दार कोणतं ठोठावायचं? इथेही लोक चुकीच्या दारात उभे राहतात. अ‍ॅड-ऑन विमा कंपनीचं असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्यात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. कर्नाटकासाठी बंगळूरूला, महाराष्ट्रासाठी मुंबई, पुणे आणि ठाण्याला. फी नाही, वकील नाही. 'बीमा भरोसा' पोर्टल आणि १५५२५५ हा नंबरही आहे. पण शोरूमवाल्यानं वेगळं कार्ड विकलं असेल, विमा कंपनीचा त्यात संबंधच नसेल, तर लोकपाल ते घेणार नाहीत. तो सेवेचा करार. मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत तिथेही फी नाही.

शोरूममध्ये गाडीबरोबर अशी तीन-तीन कार्डं गळ्यात मारतात. उत्पादकाचं एक, विमा कंपनीचं एक, डीलरचं एक. तिन्हींची हद्द पन्नास असेल तर दीडशे किलोमीटर होत नाहीत. गाडी पन्नासावरच उतरते. पैसे मात्र तीनदा गेले.

एमएच १२ ची पाटी घेऊन म्हैसुरात आलेल्यांसाठी एवढंच. मोटार विमा भारतभर चालतो, त्यामुळे मदत नाकारायला परराज्यातली पाटी हे कारण होऊ शकत नाही. मात्र गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर नोंदणी बदलावी लागते, आणि नोंदणी बदलली की पॉलिसीवरही ती बदलून घ्यावी लागते. ती नोंद राहिली तर कॉल सेंटरच्या पडद्यावर तुमची गाडी सापडत नाही. अपघाताच्या रात्री जुना नंबर आठवत बसणार का?

विमा नियामकानं ग्राहक माहितीपत्रक सक्तीचं केलं आहे, सोप्या भाषेत काय मिळतं आणि काय नाही ते सांगणारं. ते तुमच्या ईमेलमध्ये पडलेलं आहे. उघडा. किलोमीटर किती आणि मोजायचे कुठून, वर्षातून किती वेळा, दारातला बिघाड धरला आहे का, फ्लॅटबेड मिळणार का, माणसांच्या परतीचं काय. यातलं जे तिथे सापडणार नाही ते एजंटला विचारा. आणि उत्तर फोनवर घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मागा, त्याच्या नावासह आणि तारखेसह.